पोरगी काखंत व्हती न्हवं?

लाईट गेलीच आहे, तर सांगतो. मेणबत्ती तेवढी जरा आत सरकवा, वारं लागतंय.

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, असं म्हणतात. म्हणणाऱ्यानं भाड्याच्या घरात दिवस काढले नसावेत. नाहीतर त्यानं तिसरंही सांगितलं असतं, की घर पाहावं हलवून. त्यात माणसाचं जे काय होतं ते होतं. आणि आमच्या अंकितानं तर ठरवलं होतं की कुणाला काही होऊच द्यायचं नाही.

एके दिवशी ती किराणावाल्याकडे खोकी मागायला गेली. बिस्किटांची, साबणाची, रिकामी पुठ्ठ्याची खोकी. किराणावाला हसला. म्हणाला, "ताई, घर हलवायला अजून तीन आठवडे हायत की! आत्तापासनं कशाला?" अंकिता म्हणाली, "घाई नको म्हणूनच आत्तापासून." अशी तिची तऱ्हा. रोज एकच कपाट आवरायचं. स्वयंपाकघराच्या खोक्यांना लाल चिंधी, कपड्यांच्या खोक्यांना निळी. दर रविवारी पोरीला नव्या जागेवर न्यायचं, म्हणजे तिला भिंती ओळखीच्या होतील. जुन्या घरातला पडदा, जुनीच चादर, तोच पाण्याचा पेला तिथं पहिल्या दिवसापासून हवा. शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, घर हलवतीय का लग्न काढलंय! म्हणोत बापड्या. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, आणि अंकिताचं तोंड चांगलंच पोळलं होतं.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी नवरा-बायको बार्शीहून सोलापुरात आले. शिवराजची बदली झालेली. सगळं एका दिवसात, धावत-पळत. त्यांची संस्कृती तेव्हा चार वर्षांची. सामानाच्या ढिगात झोपून गेली ती अनोळखी खोलीतच जागी झाली, आणि तिनं बोलणं सोडलं. हट्ट नाही, रडणं नाही, नुसती टकमक बघायची. पोपटासारखी बोलणारी पोर, महिना गेला, दुसरा लागला, तोंडातून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, वेळ द्या, आणि पुन्हा असं होऊ देऊ नका. त्या दिवसांत अंकिता न्हाणीघरात नळ सोडून रडायची. पोरीचं "आई" ऐकायला तिचे कान आसुसले होते.

मग एका दुपारी आतल्या खोलीतून आवाज आला. त्यांचं घर पूर्व भागात, विणकरांच्या गल्लीत. मालकीण सुंदरम्मा, सत्तरीची तेलुगू म्हातारी, शेजारच्याच खोलीत राहायची. सगळी गल्ली तिला अम्मा म्हणायची. पूर्वी आतल्या खोलीत हातमाग होता. विणणाऱ्याला पाय सोडून बसायला जमिनीत खड्डा असायचा, तसा तिथंही होता. आता त्यावर शहाबादी फरशी टाकून तो बंद केलेला. टकटक केलं की पोकळ वाजायची. त्या फरशीवर संस्कृती मांडी घालून बसली होती आणि समोरच्या रिकाम्या कोपऱ्याला सांगत होती, "तुला बोलता येत नाही? बरं. मग मी बोलते."

अंकितानं धावत जाऊन तिला छातीशी धरलं. पोर कुणाशी बोलते, काय बोलते, हे विचारायचं भान कुठल्या आईला राहील? बोलली, एवढं बस्स झालं. त्यानंतर संस्कृतीची ती जागाच झाली. शाळेतून आली की फरशीवर बसून दिवसभराचं सगळं सांगायची. सुंदरम्मा दारातून बघत उभी राहायची. काही बोलायची नाही. शुक्रवारी तेवढी त्या फरशीपाशी उदबत्ती लावून जायची.

आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापुरात, स्वतःचा फ्लॅट झाला होता. आनंदाची गोष्ट. पण अंकिताला एकच धास्ती होती, की पोरीचा आवाज पुन्हा जायला नको.

म्हणून हलवायच्या दिवसाची तिनं अशी आखणी केली की उघड्या-बोडक्या भिंती पोरीनं बघायच्याच नाहीत. सकाळी नेहमीसारखं न्याहारी करून शिवराजच्या गाडीवर बसून संस्कृती नव्या घरी जाणार, बाहुल्यांच्या खोक्यासकट. टेम्पो त्यानंतर येणार. संस्कृती जाताना खुशीत होती. फरशीकडे बघून तिनं हात हलवला आणि म्हणाली, "मी जाते. तू रडू नको." अंकिताला भरून आलं. सुंदरम्मा मात्र घाईघाईनं आपल्या खोलीत गेली.

दुपारपर्यंत कल्लप्पा टेम्पोवाल्यानं सामान चढवलं. अक्कलकोटकडचा गडी, कामाला वाघ. घर रिकामं झालं. ऊन असं की पत्रे तडतडत होते. गल्लीभर यंत्रमागांचा खडखडाट चालला होता. नव्या माणसाचं त्यानं डोकं उठतं, पण दोन वर्षांत अंकिताला तो ऐकूही येत नव्हता.

तेवढ्यात सासूचा फोन आला. बजाबाई मंगळवेढ्याकडच्या खेड्यात राहायची. देवाचं, रीतीभातीचं तिचं सगळं तोंडपाठ.

"अंकिता, निगालीस का?"

"निघतेच आहे, आत्याबाई."

"मागल्या बारीला बार्शी सोडताना तू उंबऱ्यावर हाक मारली न्हाईस. म्हून पोरगी मुकी झाली, हे मी तवाच सांगितलं हुतं. लेकराचा जीव मागं घुटमळतो बाय. आता तरी उंबऱ्यावर हुबी ऱ्हा, तोंड घराकडं कर, आन् पोरीचं नाव घिऊन तीनदा म्हन, चल गं माज्याबरूबर. मंग निगताना मागं बगू नगंस मातुर."

आणि बजाबाईचा फोन तुटला. खेड्यातली रेंज, दुसरं काय.

अंकिता बी. कॉम. झालेली. एरवी असल्या गोष्टींना हसली असती. पण पोरीच्या आवाजाचा प्रश्न होता. हाक मारायला काय जातं? ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. देवांची पिशवी एका हातात. तोंड आतल्या खोलीकडे.

"संस्कृती, चल गं माझ्याबरोबर."

रिकाम्या घरात तिचा आवाज घुमला. दुसऱ्यांदा हाक मारली. आतून उदबत्तीचा आणि ओल्या सुताचा वास आला. त्या घरात सूत येऊन कित्येक वर्षं झाली होती.

तिसऱ्यांदा हाक मारली आणि लाईट गेली. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. काय सांगू तुम्हाला ती शांतता! कानात कापूस कोंबावा तशी. त्या शांततेत आतल्या खोलीतून, फरशीपासून, हलक्या आवाजात शब्द आला.

"आले."

अंकितानं देवांची पिशवी घट्ट धरली. मग ती स्वतःशीच म्हणाली, शेजारची पोरं खेळत असतील. मागे बघायचं नव्हतं. ती वळली आणि भराभर टेम्पोपाशी गेली.

कल्लप्पानं तिच्यासाठी दार उघडलं. ती बसल्यावरही तो दार धरून थांबला, आणि मग जरा वेळानं लावलं. वाटेत त्यानं रेडिओ बारीक केला. एकदा गिअर टाकताना म्हणाला, "सांभाळून बस गं पोरी." अंकिता थकलेली होती, आपल्यालाच म्हणाला असं तिला वाटलं.

नव्या इमारतीच्या फाटकात शिवराज संस्कृतीचं बोट धरून उभा होता. कल्लप्पानं तिला बघितलं आणि तो जागच्या जागी थांबला.

"ही कवा उतरली वो वैनी?"

"ही सकाळीच आली, तिच्या बाबांबरोबर."

"न्हाय हो… आत्ता तर तुमच्या बाजूला…" कल्लप्पानं गाडीत वाकून पाहिलं, मग आकाशाकडं बघून कानाला हात लावला. "अय्यो शिवा! ऊन लागलं काय की मला." त्यानंतर त्यानं भराभर सामान उतरवलं. चहासुद्धा घेतला नाही.

अंकितानं पोरीला जवळ घेतलं. "काय गं, आवडलं घर?"

संस्कृती बघत राहिली. टकमक.

"अहो, ही बोलत का नाही?"

शिवराजचा चेहरा उतरला होता. "सकाळपासून नुसती बडबड चालली होती. दुपारी दहीभात भरवत होतो. तिनं घास आपल्या हातात घेतला आणि दचकली. म्हणाली, आई हाक मारतेय. मी म्हटलं, आई तर तिकडे आहे. तर म्हणाली, नाही, दुसऱ्यांदा मारली. मग 'आले' म्हणायला तिनं तोंड उघडलं… आणि आवाजच निघाला नाही. तेव्हापासून ही अशी आहे."

अंकितानं पोरीला उचलून वर नव्या घरात नेलं. तिनं तिथंच, खोक्यांच्या मधोमध बसून सासूला फोन लावला. लागेना. सातव्या-आठव्या वेळी कधीतरी लागला. तोवर तिन्हीसांजा झाल्या होत्या.

"आत्याबाई, मी हाक मारली. तुम्ही सांगितलं तशी. आतून 'आले' असंही ऐकू आलं. पण ती पुन्हा गप्प झालीय हो…"

पलीकडे बजाबाईचा श्वास ऐकू आला. मग तिनं हळू विचारलं, "पोरगी काखंत व्हती न्हवं?"

"नाही. तिला सकाळीच पुढे पाठवलं होतं. तिला त्रास नको म्हणून…"

"अगं बया! रिकाम्या घरात नाव घेतलंस? लेकरू काखंत घिऊन हाक मारायची असती बाय. त्यानं आपल्या तोंडानं 'आले' म्हनायचं असतं." बजाबाईचा आवाज चिरकला. "मंग 'आले' कोन म्हनलं?"

नव्या घराच्या आतल्या खोलीत, अजून पडदाही लागला नव्हता तिथं, कुणीतरी खुदकन हसलं. संस्कृतीचाच आवाज. आणि संस्कृती तर आईच्या मांडीवर होती, ओठ घट्ट मिटून. तिनं आपला चिमुकला हात उचलला आणि आईच्या तोंडावर ठेवला. नाव घेऊ नको, असं सांगत असावी.

ती रात्र त्या तिघांनी बाहेरच्या खोलीत सगळे दिवे लावून काढली. सकाळ होताच तिघं पूर्व भागात गेली.

सुंदरम्मा दारातच बसून होती, जणू वाट बघत होती. अंकिता तिच्यावर तुटूनच पडली. "अम्मा, त्या खोलीत काय आहे? तुम्हाला माहीत होतं. दोन वर्षं तोंड शिवून बसलात!"

म्हातारी रडली नाही. पदर सावरून म्हणाली, "माझी आहे ती. पहिली मुलगी. मी मागावर बसायची, ती शेजारी झोळीत. बारशाआधीच गेली. पन्नास वर्षं झाली. तिचं नावच ठेवलं नव्हतं, तल्ली, बाळा. नाव नाही त्याला हाक कशी मारणार? हाक नाही तर ते जाणार कुठं? म्हणून ती तिथंच राहिली. मोठी झाली, मला कळायचं. बोलायची मात्र नाही. तुझी पोर तिच्याशी बोलायची, मला बरं वाटायचं. मी पापी." मग ती थांबली. "काल उंबऱ्यावरच्या हाकेनं तू तिला नाव दिलंस. तुझ्या लेकीचं."

"मग ते परत घ्या!"

"तिला तिचं नाव देते. पन्नास वर्षांपूर्वी द्यायचं होतं ते. मग ती तुझ्या लेकीचं सोडेल."

शिवराजला तिनं बाहेरच थांबवलं, बारशाच्या कामाला बायकाच लागतात म्हणाली. अंकिता पोरीला काखेत घेऊन आत आली. या वेळी चूक करायची नव्हती. सुंदरम्मानं कुंकू, हळद, मूठभर तांदूळ आणले. माग खडखडत होते. मोकळ्या खोलीत ती फरशी तेवढी गार होती, पायाला कळत होतं.

म्हातारीचे गुडघे धरलेले. तिला खाली बसवेना. अंकितानं तिला हात द्यायला पोरीला खाली ठेवलं. क्षणभरच. दोघींनी डोळे मिटले. सुंदरम्मानं तेलुगूत काहीतरी म्हटलं, तांदूळ टाकले आणि मोठ्यानं नाव घेतलं.

"नरसम्मा. नरसम्मा. नरसम्मा. तू माझी. तू हितंच राहायचं."

डोळे उघडून बघतात तर संस्कृती आपल्या नेहमीच्या जागी, फरशीवर मांडी घालून बसलेली. डोक्यात तांदूळ.

मग ते नाव लागलं कुणाला? अंकितानं झडप घालून पोरीला उचललं, काखेत घेतलं, उंबऱ्यावर आली आणि ओरडलीच, "संस्कृती, चल गं माझ्याबरोबर!"

"आले," काखेतली पोर म्हणाली. स्पष्ट, गोड.

अंकिता उंबऱ्यावरच बसून हमसाहमशी रडली. शिवराजनं देवाचं नाव घेतलं. सुंदरम्मा तेवढी खांबाला धरून उभी राहिली, आणि पोरीकडे बघता बघता तिनं एकदम मान खाली घातली.

पुढचे दिवस सुखाचे गेले म्हणा की! पोरगी बोलत होती. पूर्वीपेक्षा जास्त बोलत होती. पडदा लागला, चादर अंथरली, लाल चिंधीची खोकी उघडली. अंकितानं नव्या शेगडीवर दूध उतू जाऊ दिलं. बजाबाईनं फोनवर दृष्ट काढायला सांगितली, तीही काढली. पोरगी दहीभात मात्र खाईना, वास येतो म्हणायची. पूर्वी तिला दुसरं काही लागत नसे. पोरांच्या आवडीनिवडी बदलतात, अंकितानं मनाला समजावलं.

मग एका संध्याकाळी, पोरगी ताटावर बसलेली असताना, फोन वाजला. सुंदरम्मा होती. मागे माग चालू होते.

"अंकिता… तू येशील का इकडं?"

"का हो अम्मा? बरं आहे ना?"

"फरशीवर कुणी बसलंय. मला दिसत नाही. पण ऐकू येतं. दिवसभर रडतं."

अंकितानं आवाज खाली आणला. "तुमची असेल. नरसम्मा."

"माझी कशी असेल, तल्ली? माझी कधी बोललीच नाही." म्हातारी कुजबुजली. "हे मराठी बोलतं. मी नरसम्मा म्हणून हाक मारली तर म्हणतं, मी ती नाही. म्हणतं, हातातला घास संपला, आता तरी येऊ का, विचार आईला…"

अंकितानं ताटाकडे पाहिलं. पोरगी जेवता जेवता थांबली होती. डोळे तिच्यावर.

"कुणाचा फोन, आई?" तिनं लाडानं विचारलं. "माझ्या अम्माचा?"

गल्ली सगळीच तिला अम्मा म्हणायची. संस्कृतीही म्हणायची. पण "माझ्या" कधी म्हणाली नव्हती.

फोनमध्ये माग एकाएकी थांबले. तिकडं लाईट गेली असावी. आणि त्या शांततेत, फार लांबून, भिंतीच्या पलीकडून यावा तसा, अंकिताच्या पोटच्या पोरीचा आवाज आला.

"आई, मला हाक मार ना गं."

अंकिताला राहवलं नाही. कुठल्या आईला राहवेल, तुम्हीच सांगा! सासूनं बजावलेलं सगळं ती विसरली. फोन छातीशी घट्ट धरून तिनं हाक मारली, "संस्कृती… चल गं… चल माझ्याबरोबर…"

"आले," ताटावरची पोर म्हणाली. हात न धुताच उठली, अंकितासमोर येऊन उभी राहिली आणि काखेत घे म्हणून तिनं दोन्ही हात वर केले.